पुड्यांची परीक्षा

उधना, सुरत
ता. १४ नोव्हेंबर १९६९

ती. दादास,
शकूचा साष्टांग नमस्कार.

तू रागावला असशील. भाऊबीजेला पाट मांडला, रांगोळी काढली आणि बहीण आलीच नाही, हे वहिनीनं कार्डात लिहिलं. 'सुरतेचं वारं लागलं' असंही लिहिलंय. लिहू दे. तू मात्र आधी कारण वाच आणि मग काय बोलायचं ते बोल.

पाडव्याला ह्यांनी जेवतं ताट उचलून भिंतीवर मारलं. भाजीत मीठ जास्त नव्हतं, कमी नव्हतं, काही म्हणता काही झालं नव्हतं. सुलभानं 'बाबा, फटाके कधी आणायचे?' एवढंच विचारलं. पोरीच्या नव्या फ्रॉकवर वरण सांडलं, आणि हे उठले ते मोरीत जाऊन रडत बसले. अकरा वर्षं संसार केला, दादा, ह्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

दसऱ्याच्या आधी पांडेसऱ्याच्या त्यांच्या मिलमध्ये राणी रंगाच्या साड्यांचा अख्खा लॉट जांभळट पडला. रंगमास्तर हे, शेड ह्यांच्या सहीनं पास झालेली. चूक रंग मोजून देणाऱ्याची की पाण्याची, देव जाणे. शेठनं सगळ्या कामगारांदेखत विचारलं, 'मास्तर, आंधळा थई गया के शुं?' त्या दिवसापासून झोप उडाली. हाताला कंप. चहाची बशी धरली की वाजते. सकाळी मिलला निघताना सायकलचं हँडल धरून पाच-पाच मिनिटं नुसते उभे राहतात. मी दारातून बघत राहते.

डॉक्टरांना दाखवलं. रक्तदाब बराच चढलाय म्हणाले, गोळ्या दिल्या, आणि जमलं तर हे काम सोडा असं सांगितलं. गोळ्या घेतात, पण कुरकुरत. डोळ्यांवर झापड येते म्हणे, शेड नीट दिसत नाही.

आता शेजारच्या सरलाबाईंनी एक चूर्ण आणून दिलंय. भागळकडच्या कुणा वैद्याचं आहे. अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी आणि आणखी काय काय. त्यांच्या दिराची चिंता म्हणे पंधरा दिवसांत पळाली. त्यांच्या दिराला मुळात चिंता कसली होती, हे मला अजून कळलेलं नाही. ह्यांनी तीन दिवस घेतलं. एक दिवस बरं वाटलं म्हणाले, दोन दिवस तसेच.

मला खरं काय ते हवंय. तू शेतकी फार्मवर खतांची परीक्षा घेतोस, कुठलं खत खरं आणि कुठलं नुसती माती ते सांगतोस. ह्या चूर्णाचंही तसं सांगता येईल का? लागू पडत असेल तर इथं राहू. नसेल तर मी ह्यांना सुरतेत ठेवणार नाही. जळगावला आपल्या अप्पांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत, आणि फार्मच्या गोदामावर माणूस हवाय असं तू मागे म्हणाला होतास.

लवकर उत्तर दे.

तुझी,
शकू

*

जळगाव
ता. २२ नोव्हेंबर १९६९

चि. शकूस,
अनेक आशीर्वाद.

राग गेला. ओवाळणीचं पातळ वहिनीनं कपाटात ठेवलंय, केव्हाही ये.

पंडितरावांचं वाचून फार वाईट वाटलं. इतका सोशीक माणूस. तू मला विचारलंस हे बरं केलंस, कारण बायका-माणसं अशा वेळी ऐकीव गोष्टींवर जातात. (रागावू नकोस, पुरुषही जातात.)

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक जण नवं खत घेऊन आला होता. दहा शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्या दाखवल्या, सगळे म्हणत, पीक दुप्पट आलं. आम्ही चोवीस वाफे पाडले. बारांत त्याचं खत, बारांत नुसती चाळलेली राख, आणि कुठल्या वाफ्यात काय ते पाणी देणाऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. मोजणी झाली तेव्हा राखेचं आणि खताचं पीक सारखं. माणसाला वाटतं आणि माणसाला होतं, ह्यात फार अंतर असतं. औषधाच्या नावानंच अर्धा आजार हलतो, आणि पुढच्या सोमवारी परत येतो.

तर असं करू. शेरभर चूर्ण मला पाठव. मी आठ पाकिटं करून धाडीन, दर आठवड्याला एक. चारांत खरं चूर्ण असेल, चारांत खोटं. कुठल्यात काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवीन, कागदावर लिहून लखोटा बंद करीन आणि टेबलाच्या खणात ठेवीन. तुला कळणार नाही, त्यांनाही नाही. तू एका वहीत रोज लिहायचं: झोप किती, चिडले का, जेवले का, हात कापले का. आठवड्याच्या शेवटी दहापैकी गुण द्यायचे. मग लखोटा फोडू.

पंडितरावांना विचारूनच कर. चोरून काही करायचं नाही.

तुझा,
दादा

*

उधना
ता. ३ डिसेंबर १९६९

ती. दादास,
सा. न.

चूर्ण उखाच्या हाती पाठवलंय. उखा म्हणजे ह्यांच्या हाताखालचा शिरपूरकडचा माणूस, लेकीच्या लग्नासाठी गावी चाललाय. मोठा भला आहे, डबा उघडून बघणार नाही.

ह्यांना सगळं वाचून दाखवलं. आधी हसले. किती दिवसांनी हसले! म्हणाले, 'म्हणजे मी आता वाफा झालो.' मग मी सांगून टाकलं, चूर्ण नापास झालं तर आपण जळगावला जायचं, ह्यात बदल नाही. खिशातून शेड जुळवायचे कापडाचे तुकडे काढून गुडघ्यावर लावत बसले. शेवटी म्हणाले, 'करा परीक्षा.'

तुझी,
शकू

*

जळगाव
ता. २० डिसेंबर १९६९

चि. शकूस,
अ. आ.

पार्सल मिळालं की आधी मोजून घे. एक ते आठ अशी पाकिटं आहेत, प्रत्येकात आठ पुड्या. सात घ्यायच्या, आठवी जादा, एखादी सांडली-लवंडली तर. प्रत्येक पुडीच्या कागदावर पाकिटाचा आकडा घातलाय. रविवार अठ्ठावीस तारखेला पहिलं पाकीट काढ.

खोट्या पुड्यांवर मी पाच संध्याकाळ घालवल्या. भाजलेल्या ज्वारीचं पीठ, कडूपणाला थोडं काडेचिराईत, वासाला चिमूटभर जटामांसी. वहिनीला डोळे मिटून दोन्ही चाखायला दिलं, तिला ओळखता आलं नाही. रंग जुळत नव्हता तेव्हा पीठ आणखी भाजलं. ऑफिसात बल्बखाली दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं, आमच्या साहेबांनाही दाखवलं. तेही चुकले. तेव्हा आता काळजी नाही.

एक महत्त्वाचं. ह्या आठ आठवड्यांत त्या गोळ्या बंद ठेव. एकाच वाफ्यात दोन खतं टाकली तर पीक कशानं आलं हे कुणी सांगू शकत नाही. आठच आठवड्यांचा प्रश्न आहे.

तुझा,
दादा

*

पांडेसरा
ता. २० जानेवारी १९७०

रा. रा. सुकदेवराव यांस,
पंडितचा सप्रेम नमस्कार.

वाफ्यानं परीक्षकाला पत्र लिहिल्याचं तुम्ही ऐकलं नसेल. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. अक्षर वाकडं आलंय ते समजून घ्या, चौथा आठवडा चालू आहे.

तुम्ही माझ्यासाठी एवढी खटपट करता ह्याचं मोल मी जाणतो. माझ्या सख्ख्या भावांनी कार्डसुद्धा टाकलं नाही. शकू रोज संध्याकाळी वही घेऊन समोर बसते आणि शाळेतल्या बाईंसारखी बघते. मी सरळ बसतो.

तुम्ही सुरतेला आलात तेव्हा तुम्हाला मिल दाखवली, पण माझी खिडकी दाखवायची राहिली. रंगखात्याला उत्तरेकडे एक खिडकी आहे, तीन फूट बाय दोन. तिच्यात ऊन कधी येत नाही, नुसता उजेड येतो. नमुन्याचा तुकडा आणि लॉटचा तुकडा तिथं शेजारी ठेवायचे आणि बघायचं, एवढंच माझं काम. बल्बखाली दोन रंग सख्ख्या भावांसारखे दिसतात, खिडकीत आणले की कळतं, एकमेकांशी नातंच नाही. शेठला दिसत नाही, खरेदीच्या माणसाला दिसत नाही. मला दिसतं. कसं ते सांगता येत नाही.

शिरपूरहून मी आलो तो ओले ताके खांद्यावरून वाहायला. पाण्यानं खांदा सडायचा. त्या खिडकीपर्यंत यायला मला नऊ वर्षं लागली. आता पांडेसऱ्यात कुणालाही विचारा, पंडित मास्तर म्हटलं की खिडकीकडे बोट करतील. तो राणी रंग मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी ढग होते, मी थांबायला हवं होतं, घाई केली.

शकूनं बजावलंय, चूर्ण नापास तर सुरतही नापास. अप्पांच्या घरी आम्हाला कुणी काही कमी पडू देणार नाही, तुम्ही तर नाहीच नाही. पण सुकदेवराव, तुमच्यापासून काय लपवायचं, घरजावई होऊन गोदामातल्या पोत्यांवर बसलेला मी मला बघवत नाही. शिवाय तुमच्या घराला उत्तरेला एकही खिडकी नाही, हे मी लग्नातच बघून ठेवलंय! तेव्हा चूर्ण पास व्हावं असं मला वाटतं. तुम्ही परीक्षक, तुम्ही विद्यार्थ्याच्या वाटण्याचे गुण धरू नका.

दुसरा आणि तिसरा आठवडा छान गेला. डोकं मागच्या बाजूनं ठणकतं अधूनमधून, ते शकूला कळवू नका, तिच्या वहीत त्याला जागा नाही.

अप्पांना नमस्कार.

आपला,
पंडित

*

उधना
ता. २२ फेब्रुवारी १९७०

ती. दादास,
सा. न.

काल आठवं पाकीट संपलं. सुटले बाई एकदाची! वही सोबत पाठवत नाही, हरवली तर? आकडे लिहिते. पहिला आठवडा तीन गुण. दुसरा आठ. तिसरा आठ. चौथा दोन. पाचवा नऊ. सहावा तीन. सातवा दोन. आठवा नऊ.

सातव्यात तर नको झालं होतं. दोन दिवस जेवले नाहीत, सुलभाशी बोलले नाहीत, मिलमधून आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. आणि आठव्याच्या पहिल्याच दिवशी पुडी घेतली, आंघोळ केली आणि सुलभाला सायकलवर बसवून तापीच्या काठी घेऊन गेले. येताना तिला पोंक, म्हणजे इथला हुरडा, घेऊन दिला, मला गजरा. मी वहीत नऊ लिहिले. कशाची परीक्षा आणि कसलं काय, माझा माणूस मला परत मिळाला असं वाटलं.

एक गोष्ट मात्र वहीत बसत नाही म्हणून इथं लिहिते. पाचव्या आठवड्यात त्यांच्या हातांना तेल चोळत होते. दोन्ही तळव्यांवर नखं रुतल्याचे वण होते. चार-चार, ओळीनं, काही ताजे. विचारलं तर म्हणाले, 'काही नाही गं, सायकलच्या मुठी.' तुझ्या रकान्यांत तळव्याला रकाना नाही. सांगून ठेवते.

डॉक्टरांकडे आता महिनाअखेर न्यायचं ठरवलंय. तू काय म्हणतोस? लखोटा फोड आणि उलट टपाली कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
शकू

*

जळगाव
ता. १ मार्च १९७०

चि. शकूस,
अनेक अनेक आशीर्वाद.

पेढे वाट! लखोटा आज साहेबांच्या समोर फोडला. खरं चूर्ण कुठल्या पाकिटांत होतं सांगू? दोन, तीन, पाच आणि आठ. तू आठ-नऊ गुण दिलेस ते नेमके हेच आठवडे. खोट्याचे एक, चार, सहा, सात. आठपैकी आठ बरोबर, एकही चूक नाही. साहेब म्हणाले, 'सुकदेव, एवढा साफ निकाल मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.' मीही नाही पाहिला. जमिनीत एक वाफा तरी दगा देतोच.

मी मनातून चूर्णाच्या विरुद्ध होतो, हे आता कबूल करतो. राखेसारखंच निघेल असं वाटलं होतं. पण आकडे समोर असताना हट्ट धरणं हा मूर्खपणा. चूर्ण लागू पडतंय. ते चालू ठेव, नियमानं. डॉक्टरांकडे न्यायची घाई करू नकोस. ते पुन्हा गोळ्या देणार, झापड येणार, शेड चुकणार, आणि पहिले पाढे पंचावन्न. जे चाललंय त्यात ढवळाढवळ नको.

तळव्यांचं मनावर घेऊ नकोस. मुठी खरखरीत असतात.

पंडितरावांना सांग, विद्यार्थी पहिल्या वर्गात पास. त्यांचं मधलं पत्र वाचून मी हसलो होतो, घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. गोदामाची जागा मी दुसऱ्या माणसाला द्यायला सांगितलीय. आता मे महिन्यात सगळे सुट्टीला या, पाहुणे म्हणून.

तुझा,
दादा

*

उधना
ता. १६ एप्रिल १९७०

दादा,

तार केली नाही. पत्रही आज लिहितेय. तुझ्याशी बोलायचं बळ नव्हतं, आजही फारसं नाही.

दोन तारखेला भरदुपारी उखा घरी आला. पायात चप्पल नाही, हात कोपरापर्यंत निळे. दारातूनच म्हणाला, 'वहिनी, मास्तर पडी ग्यात. चाला.' मी तशीच निघाले. सरलाबाई सुलभाला शाळेतून आणायला गेल्या.

खिडकीपाशी उभे होते म्हणे. मोरपंखी रंगाचा लॉट होता. दोन तुकडे हातात धरले, बघितले, 'बरोबर नाही' म्हणाले, आणि उजव्या हातातला तुकडा खाली पडला. तो उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उखा सांगत होता, सकाळपासून तोंड लालभडक होतं, पण कुणी विचारलं की म्हणायचे, मस्त आहे, चूर्ण चालू आहे.

उजवं अंग गेलंय. हात नाही, पाय नाही, तोंड एका बाजूला ओढलंय. वाचा गेली. मी बोललेलं सगळं कळतं, डोळ्यांवरून मला समजतं. 'आ' एवढाच आवाज येतो, आणि तो काढताना इतका त्रास होतो की मीच त्यांच्या ओठांवर हात ठेवते.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या ना, बंद कधी केल्या? मी म्हणाले, डिसेंबरात. का? म्हणाले. मी म्हणाले, परीक्षा चालू होती. त्यांना वाटलं, पोरीची शाळेची परीक्षा. म्हणाले, 'बाई, पोरीच्या परीक्षेपायी नवऱ्याचं औषध थांबवतं का कुणी?' काय सांगणार होते मी त्यांना? वाफ्यांचं सांगू?

काल घरी आणलंय. अंग पुसते, भरवते, कूस बदलते. सुलभा त्यांच्याजवळ जायला भिते, आणि ते तिच्याकडे बघत राहतात.

तू लिहिलं होतंस, लागू पडतंय. मग हे काय झालं, दादा? आठव्या आठवड्याला मी नऊ गुण दिले होते.

शकू

*

जळगाव
ता. २१ एप्रिल १९७०

चि. शकूस,

काय लिहू? चार कागद फाडले.

गोळ्या मी बंद करायला लावल्या. डॉक्टरांकडे नेऊ नकोस असं मी लिहिलं. तू विचारलंस, तळव्यांचं सांगितलंस, आणि मी सायकलच्या मुठी म्हणून मोकळा झालो. माणसाचा मी वाफा केला. वाफ्याला रक्तदाब नसतो, एवढं कळायला मला पंचेचाळीस वर्षं पुरली नाहीत. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

तू विचारतेस त्याचं उत्तर मी पाच दिवस... नाही, तुझं पत्र काल आलं, पण पाच दिवस झाल्यासारखं वाटतंय. आठपैकी आठ. जमीन एवढा साफ निकाल कधी देत नाही, हे मीच तुला लिहिलं होतं. लिहिलं आणि पेढे वाट म्हणालो. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आज पंडितरावांचं जानेवारीतलं पत्र पुन्हा काढलं. ते हसत हसत वाचलं होतं, आज वाचवेना. बल्बखाली दोन रंग भावांसारखे दिसतात, खिडकीत आणले की कळतं, नातंच नाही. शकू, मी पुड्या बल्बखाली जुळवल्या होत्या. चव जुळवली, वास जुळवला, आणि रंग जुळवला तो ज्याला अख्ख्या पांडेसऱ्यात रंगासाठी ओळखतात त्याच्यासाठी, ऑफिसातल्या बल्बखाली!

माझ्याकडे दोन्ही चूर्णं थोडी उरली आहेत. सकाळी अंगणात नेऊन शेजारी ठेवली. मला अजूनही सारखीच दिसतात. तुझ्याकडे प्रत्येक पाकिटातली जादा पुडी असेल. फेकली नसशील तर त्यांना दाखव. नको असेल तर दाखवू नकोस. मला वाटतंय ते खरं असेल, तर ह्या चूर्णात गुण आहे की नाही हे आपल्याला कळलेलंच नाही. आपण त्यांच्या डोळ्यांची परीक्षा घेतली, आणि ते पास झाले.

रविवारी तीन तारखेला टाप्टी लाइनच्या गाडीनं येतोय. तुम्हा तिघांना घेऊन जाईन. अप्पा दोन्ही खोल्या सारवून घेताहेत.

दादा

*

उधना
ता. २७ एप्रिल १९७०

ती. दादास,

पुड्या होत्या. आठही. मसाल्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, मुंगी लागू नये म्हणून.

आमच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. म्हणून काल सकाळी उखानं आणि मी त्यांना उचलून सरलाबाईंच्या मागच्या ओट्यावर नेलं, तिथं उत्तरेचा उजेड असतो. समोर पाटावर आठ कागद उघडून ठेवले, आकडे खालच्या बाजूला. त्यांनी पुड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग एका डोळ्यातून पाणी आलं. दुसरा डोळा आता रडत नाही.

मी म्हणाले, 'दाखवा.' डावा हात हळूहळू उचलला. एका कागदाला बोट लावलं, तो मी बाजूला घेतला. मग दुसरा. असे चार. हात थकत होता, पण बोट कुठं थांबायचं ते एकदाही अडखळलं नाही. चारी कागद मी उलटून बघितले. दोन, तीन, पाच, आठ.

'पहिल्या दिवसापासून कळत होतं?' मान हलली. हो.

मी भांडले, दादा. बोलता न येणाऱ्या माणसाशी मी भांडले. उखा अंगणात जाऊन उभा राहिला. मी म्हणाले, खोट्या पुडीच्या आठवड्यात तुम्ही जसे होतात तसे दिसत होतात, आणि खऱ्या पुडीच्या आठवड्यात नखं रुतवून गप्प बसत होतात, माझ्या वहीत गुण मिळावेत म्हणून! मी तुमची बायको की परीक्षेवरची बाई? एकदा सांगितलं असतं, शकू, मला जळगावला जायचं नाही, मला बरंही वाटत नाही, तर मी काय केलं असतं? गोळ्या दिल्या असत्या, डॉक्टरकडे नेलं असतं, इथंच राहिले असते. सांगितलं का नाही?

पण मला माहीत आहे का नाही सांगितलं. मीच तर म्हटलं होतं, ह्यात बदल नाही. त्या दिवशी गुडघ्यावर शेडचे तुकडे लावत बसले होते, मी समोर होते, आणि मी उठून भाकरी टाकायला गेले.

आता रागाला अर्थ नाही. तुझ्यावर होता, तो गेला. तुला शिव्या देऊ कशाला, वही माझ्या हातात होती. गोळ्या आता रोज देते, वेळेवर. चूर्णाचा डबा सरलाबाईंना परत दिला. त्यांनी विचारलं, गुण आला नाही का हो? मी म्हणाले, माहीत नाही.

मिलमध्ये खिडकीपाशी नवीन मास्तर उभा केलाय. उखानं त्यांच्यासमोरच सांगितलं, मी नको नको करत असताना. त्यांनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. मोरपंखीचा तो लॉट तसाच पास केला म्हणे, आणि तो परत आला.

सामान बांधलंय. फारसं नाही. त्यांचं शेडबुक, रंगांचे तुकडे चिकटवलेली वही, वर ठेवलंय, हाताशी. दिवसभर ते मांडीवर लागतं, डाव्या हातानं पानं उलटत असतात. दादा, तू येतोस तर ये, पण एक काम आधी कर. अप्पांच्या मागच्या खोलीची उत्तरेची भिंत परसाकडे आहे, तिला लागून काही नाही. आजच गवंड्याला बोलाव आणि आम्ही यायच्या आत तिथं खिडकी पाडून घे. तीन फूट बाय दोन.

तुझी,
शकू